चौदा तीसची नोंद

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो हवालदार अरुळ सेल्वम यांचा. ते दारासुरमचे, रेशीम विणणाऱ्या घरातले, ख्रिस्ती. मी कुंभकोणमचा, मराठी शिंप्याचा मुलगा, घरात विठोबा. दोघांच्या घरांमध्ये टाउन बसची वीस मिनिटं. आमची ओळख मात्र झाली साडेतेरा हजार फुटांवर, पूर्वेकडच्या एका पोस्टवर, बर्फात.

मी सिग्नल्समध्ये सतरा वर्षं नोकरी केली आणि हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता कुंभकोणममध्ये एका शाळेच्या ऑफिसात काम करतो. मागच्या महिन्यात इथल्या मराठी मंडळींनी मला चार शब्द बोलायला बोलावलं. एका गृहस्थांनी विचारलं, लढाईत भीती वाटली का? मी लढाई पाहिलेली नाही. भीती पाहिली आहे. ती टेबलाशी बसून, लॉगबुकसमोर पाहिली. त्या दिवशी सभेत नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

त्या वेळी मी लान्स नाईक होतो. आमची सिग्नल्सची चार जणांची तुकडी एका इन्फन्ट्री पलटणीला जोडलेली होती. पलटणीतले जवान बहुतेक सातारा-सांगलीकडचे. मराठी माणसांत जायचं म्हणून मी खुशीत गेलो. पहिल्याच संध्याकाळी लंगरमध्ये मी भात पुरे म्हणून हात आडवा धरला आणि घरच्यासारखं ‘नोको’ म्हणालो. दोन-तीनशे वर्षांपूर्वी तंजावरकडे गेलेल्या लोकांची मराठी आम्ही घरात बोलतो, तिच्यात निम्मी तमिळ मिसळलेली. समोर लान्स नाईक शंकर बसला होता. तो पळी खाली ठेवून म्हणाला, “हा माणूस बोलतोय की ताम्रपट वाचतोय?”

त्या दिवसापासून मी ‘पंडित’. शंकर कोरेगावच्या पुढच्या एका गावचा. वडील एसटीत कंडक्टर होते. त्याने मला आजची मराठी शिकवायची जबाबदारी स्वतःकडे घेतली. सामानाला गुंडाळून आलेले मराठी पेपर तो सरळ करून ठेवायचा आणि रोज अर्धं पान मोठ्याने वाचून घ्यायचा. मी चुकलो की म्हणायचा, “पंडित, महाराज वारले. पेशवेही गेले. पुढे सरका.” आज मी लिहितो ती मराठी शंकरची आहे.

माझ्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होतो. फॉर्म आमच्या तुकडीचे प्रमुख सेल्वम अण्णा यांनी भरायला लावला. माझी ड्युटी संपली की ते टॉर्च माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः अंधारात झोपायचे.

पोस्टवर देवाची खोली एकच. रविवारी सगळ्यांची मंदिर परेड एकत्र. आरती सगळे म्हणायचे, अण्णाही टाळ्या वाजवायचे. मग अण्णा एक तमिळ गीत म्हणायचे आणि आम्ही उभं राहून ऐकायचो. सूर त्यांना कधीच सापडला नाही. शंकर टाळ धरायचा. एकदा गीत संपल्यावर तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “अण्णा, तुमचा देव दयाळू आहे, हे तुमच्या गाण्यावरून कळतं. दुसरा असता तर उठून गेला असता.” सर्वांत मोठ्याने अण्णा हसले. नाताळला शंकरनेच बिस्किटांचा चुरा आणि दूध पावडर कालवून केक केला. तो कापायला खुकरी लागली.

आता अण्णांची गोष्ट. ती त्यांनी मला सांगितली नाही. मी पाहिली.

एका रजेला आम्ही दोघं बरोबर गावी आलो. ते म्हणाले, “पहाटे पाचला आमच्या गल्लीत ये. काम आहे.” मी गेलो. दारासुरमच्या विणकरांच्या गल्लीत ताणा रस्त्यावर पसरतात. गल्लीच्या लांबीएवढे रेशमाचे धागे दोन टोकांना ओढून धरायचे, त्यावर पेज मारायची, तुटलेला धागा जोडायचा, आणि ऊन तापायच्या आत सगळं गुंडाळायचं. एका घराचं हे काम नाही. आठ-दहा माणसं लागतात. आज मी तुझा ताणा धरतो, उद्या तू माझा धर. याला कोणी पैसे घेत नाही आणि कोणी नाही म्हणत नाही.

अण्णांनी एक टोक धरलं, मला मधे उभं केलं. पलीकडच्या टोकाला एक म्हातारे होते. दीड तासात ते अण्णांशी एक शब्द बोलले नाहीत. काम संपल्यावर सगळ्यांना कॉफी आली. अण्णांना आली नाही. त्यांनी हात धुतले, म्हाताऱ्यांना नमस्कार केला आणि माझ्याबरोबर निघाले.

“कोण ते?” मी विचारलं.

“अप्पा.” म्हणजे त्यांचे वडील.

बाकीचं त्यांच्या आईने कोपऱ्यावर गाठून सांगितलं. बाविसाव्या वर्षी अण्णांनी बाप्तिस्मा घेतला. गल्लीत बोलणी सुरू झाली. एके दिवशी मोठी माणसं घरी जमली. ती वाईट नव्हती. त्यांनी वाटही काढून दिली होती. मित्राबरोबर नुसता बघायला गेलो होतो, एवढं सगळ्यांसमोर म्हण. मनात काय ठेवायचं ते ठेव, आम्ही विचारणार नाही. अण्णा म्हणाले, “बघायला नव्हतो गेलो. बाप्तिस्मा घेतला.” दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागासाठी ताणा पसरला, तेव्हा धरायला आई सोडून कोणी आलं नाही. दोन माणसांनी ताणा धरला जात नाही. सहा महिने माग रिकामा राहिला. ठरलेलं लग्न मोडलं. मग ते फौजेत भरती झाले.

“आणि आता दर रजेला येऊन दुसऱ्यांचे धरतो,” त्या म्हणाल्या. “हाकलायलाही येत नाही. माणसं कमी पडतात.” हे सांगताना त्या हसत होत्या.

परत जाताना बसमध्ये मी म्हणालो, “अण्णा, एक वाक्य म्हणायचं होतं. माग वाचला असता.” आम्ही तमिळमध्ये बोलायचो.

ते खिडकीबाहेर बघत होते. “वाक्य सोपं होतं रे. पण मग माझ्या तोंडातलं पुढचं कुठलं वाक्य लोकांनी खरं धरलं असतं?” मग म्हणाले, “भूक लागलीय. उतर, डोसा खाऊ.”

त्यानंतरच्या जानेवारीतली ही घटना.

आमच्या पोस्टवरून रोज दोन माणसं खाली जायची. याला लिंक पेट्रोल म्हणतात. अर्ध्या वाटेवर एक झेंडा होता. तिथे खालच्या पोस्टची दोन माणसं वर यायची. डाक, औषधं, बॅटऱ्या यांची देवघेव व्हायची आणि दोघं दोघं आपापल्या पोस्टला परतायचे. आमची माणसं परत येईपर्यंत खालच्या पोस्टवर दहा जणांची टीम बूट घालून, दोर आणि स्ट्रेचर घेऊन तयार बसायची. आम्ही रेडिओवर ‘लिंक क्लोज’ कळवलं की ती टीम बूट काढून मोकळी व्हायची.

ऑपरेटरने दोन गोष्टी करायच्या. चौदा तीसला पेट्रोलला रेडिओवर विचारायचं आणि उत्तर लॉगमध्ये लिहायचं; उत्तर नसेल तर खालची टीम निघायची. ते आत आले की वेळ लिहून क्लोज कळवायचं. थंडीत हँडसेटची बॅटरी बसायची, म्हणून चौदा तीसला पुष्कळदा उत्तर यायचंच नाही, आणि वीस मिनिटांनी दोघं दारात उभे असायचे. त्यामुळे आम्हा ऑपरेटर लोकांत एक सवय पडली होती. दोन्ही नोंदी आधीच लिहून ठेवायच्या. सगळेच करायचे. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी पेट्रोलवर शंकर आणि शिपाई दिलीप होते. तेरा पंचेचाळीसला शंकरचा आवाज आला. “झेंडा. डाक घेतली. पंडित, तुझ्या पुस्तकांचं पार्सल आहे. विटा भरल्यात का? ओव्हर.”

“जपून आण. ओव्हर.”

“परत निघतो. आउट.”

दहा दिवसांनी माझी परीक्षा होती. रजा मंजूर होती. मी लॉगमध्ये ‘१४३०, पेट्रोल ओके’ लिहिलं, खाली ‘१४५०, लिंक क्लोज’ लिहिलं आणि पुस्तक उघडलं. चौदा तीसला मी विचारलं नाही. चौदा पन्नासला खालच्या पोस्टचे ऑपरेटर नाईक माने यांनी विचारलं, “लिंक?” मी दाराकडे पाहिलं नाही. लॉगकडे पाहिलं. “लिंक क्लोज,” म्हणालो. खालची टीम मोकळी झाली.

पंधरा दहाला सेल्वम अण्णा अँटेनावरचा बर्फ काढून आत आले. हातमोजे काढत म्हणाले, “शंकर कुठे? लंगरमध्ये नाही.”

मी उठून दारापर्यंत गेलो. बाहेर वाटेवर पावलं नव्हती.

मी रेडिओ उचलला नाही. रेडिओ सगळे ऐकतात, पलटणीचे कमांडर सीओ साहेबसुद्धा. मी फील्ड टेलिफोन फिरवला आणि माने यांना सांगितलं की माणसं आलेली नाहीत आणि नोंद मी आधीच लिहिली होती.

माने भला माणूस. ते घाईने म्हणाले, “ऐक. लॉग तसाच ठेव. मी लिहितो, आवाज नीट आला नाही, क्लोज चुकून ऐकलं. टीम आत्ता पाठवतो. चौदा तीसला ते ओके होते म्हणजे तुमच्या शेवटच्या वळणाशी असतील. कोणाला काही कळणार नाही. तुझी परीक्षा आहे ना रे?”

तेवढ्यात मला खरी गोष्ट दिसली. नोंद खरी धरली तर सगळे शेवटच्या वळणाशी शोधणार. पण मी ऐकलेला शेवटचा आवाज झेंड्याजवळचा होता. झेंड्याच्या वर दहा मिनिटांवर नाला होता, आणि बर्फ घसरायचं तर तिथेच घसरणार. उजेड साडेचारपर्यंत. एकाच ठिकाणी शोधता येणार होतं.

खरं सांगायचं तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी. रजा जाणार, प्रमोशन जाणार, कदाचित नोकरीही. बाबा शाळेच्या गणवेशांना काजं करत माझ्या बी.ए.ची वाट बघत होते. अण्णांनी फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. ते बर्फाचे बूट परत चढवत होते.

“अण्णा, काय करू?”

“सेट तुझ्या हातात आहे,” ते म्हणाले आणि नाडी बांधत राहिले.

मला दारासुरमची गल्ली आठवली. कॉफी न मिळालेला माणूस आठवला. अंगात धीर आला असं म्हणणार नाही. पण वाक्य तयार होतं.

पंधरा अठराला मी रेडिओवर म्हणालो, “सर्व स्टेशन्स. लिंक क्लोज रद्द. पेट्रोल परतलेलं नाही. चौदा तीसची नोंद खोटी आहे. मी विचारलंच नव्हतं. शेवटचा संपर्क तेरा पंचेचाळीस, झेंडा. ओव्हर.”

मग सीओ साहेबांचा आवाज. “कोण बोलतंय?”

मी नंबर, रँक, नाव सांगितलं.

“शोध कुठे?”

“झेंड्याच्या वरचा नाला, सर.”

“खात्री?”

“हो, सर.”

“खालची टीम, नाला. वरची टीम, नाला. आत्ता. आउट.”

अण्णा पाच जणांना घेऊन निघाले. मी सेटवर होतो. सोळा पाचला खालच्या टीमचा आवाज आला: लांबून एक हात हलताना दिसतोय. दिलीप छातीपर्यंत गाडला गेला होता, शुद्धीवर होता. त्याने पहिलं वाक्य काय म्हटलं ते माने आजही सांगतात: “किती उशीर? चहा आणलाय का?” झेंडा सोडल्यावर दहा मिनिटांत बर्फ आला होता. शंकर पुढे होता. सोळा पस्तीसला तो सापडला. सतरा पंचवीसला डॉक्टरांनी त्याची छाती दाबणं थांबवायला सांगितलं.

नालाच चुकला असता तर दिलीपला त्या थंडीने अंधार पडल्यावर जिवंत ठेवलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. शंकरबद्दल म्हणाले, तो बहुधा पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच गेला. ‘बहुधा’ हा शब्द मी जपून ठेवला आहे. मी चौदा तीसला विचारलं असतं तर टीम अठ्ठेचाळीस मिनिटं आधी निघाली असती.

इन्क्वायरी बारा दिवसांनी झाली. मी सगळं सांगितलं. मग एक गोष्ट घडली, ती कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. नाईक माने उभे राहिले आणि म्हणाले, “सर, आवाज खराब होता असं लिहायचा सल्ला मी दिला होता.” त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यानंतर दुसऱ्या दोन पोस्टचे ऑपरेटर उठले. नोंदी आधी लिहायची सवय त्यांनाही होती. आम्हा चौघांना शिक्षा झाली. माझी रजा आधीच गेली होती, प्रमोशन तीन वर्षं मागे पडलं. पण त्या सेक्टरमध्ये आधी नोंद लिहिणं त्या दिवशी बंद झालं. संध्याकाळी आम्ही चौघे शेगडीसारख्या एकाच बुखारीभोवती बसलो, आणि मला आठवतं, आम्ही हसत होतो. माने म्हणाले, “पंडित, तुझी साथ फैलावते.” मी म्हणालो, “माझी नाही. मला दारासुरमहून लागलेली आहे.”

बी.ए. मी पुढच्या वर्षी झालो. बाबांनी प्रमाणपत्र दुकानात कात्रीच्या वर टांगलं.

एक काम राहिलं होतं. शंकरच्या घरी फौजेचं पत्र गेलं होतं, ड्युटीवर असताना बर्फ कोसळून मृत्यू. त्यात खोटं काही नव्हतं. अठ्ठेचाळीस मिनिटंही नव्हती. पुढे अण्णा निवृत्त होऊन दारासुरमला आले, काही वर्षांनी मीही आलो. दर नाताळला मी त्यांच्या घरी जातो. दर वर्षी ते विचारायचे, “साताऱ्याला जाऊन आलास?” मी म्हणायचो, “नाही.” ते म्हणायचे, “बरं. केक खा.” असे सहा केक मी खाल्ले. सातवा घशाखाली उतरला नाही. जानेवारीत गाडीत बसलो.

अण्णांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून तिथून मी त्यांना पत्र पाठवलं. पत्र तमिळमध्ये होतं. ते इथे मराठीत उतरवतो.

“सेल्वम अण्णांना नमस्कार.

काल सकाळी साडेदहाला शंकरच्या घरी पोहोचलो. त्याच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. ताठ माणूस, अजून कंडक्टरसारखे दारात उभे राहतात. आईंनी चहा टाकला. तो यायच्या आत मी सगळं सांगितलं. चहा पिऊन सांगणं मला जमलं नसतं.

आबांनी विचारलं, ‘अठ्ठेचाळीस?’ मी हो म्हणालो. ‘वेळेत विचारलं असतंस तर वाचला असता?’ मी म्हणालो, ‘डॉक्टर म्हणाले बहुधा नाही. मला माहीत नाही.’ ते उठून बाहेर गेले. आई माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘तूच का तो पंडित? बोल ना काही तुमच्या घरच्या बोलीत.’ मी बोललो. त्या हसल्या आणि रडल्या, दोन्ही एकदम.

पाऊण तास झाला. मी पिशवी उचलली. तेवढ्यात आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. म्हणाले, ‘कुठे निघालास? बस स्कूटरवर.’

मला गावच्या शाळेत नेलं. भिंतीवर शंकरच्या नावाची पाटी आहे. हेडमास्तरांनी मुलं जमवली. एका मुलीने पाहुण्यांसाठी म्हणून शंकरवरचं पाठ भाषण म्हटलं. त्यात शंकर एकटा पाच शत्रूंशी लढतो आणि घोषणा देत पडतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबा पुढे गेले. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘बाळा, छान बोललीस. पण असं झालं नव्हतं. दर वर्षी मी हे ऐकतो आणि गप्प बसतो, कारण मला ते आवडतं. माझ्या पोराने कोणाला मारलं नाही. तो दोस्ताची पुस्तकं घेऊन येत होता. हा तो दोस्त. हा आज माझ्या घरात येऊन जे बोलला, ते बोलायला लई छाती लागते. आता तो तुम्हाला सांगेल. सगळं सांग रे, गाळू नकोस.’

मी सांगितलं, अण्णा. गाळलं नाही. एका मुलाने विचारलं, ‘तुम्हाला शिक्षा झाली?’ म्हटलं, झाली. ‘मारलं?’ म्हटलं, नाही. तर त्याला ती शिक्षा वाटेना. दिलीपच्या चहाची गोष्ट दोनदा सांगावी लागली. मग पोरं शंकरबद्दल विचारत सुटली: तो कसा हसायचा, काय खायचा, भांडायचा का. हेडमास्तर घड्याळ बघत होते, आबा त्यांना थांबवत होते. पाच शत्रूंच्या शंकरबद्दल पोरांनी कधी काही विचारलं नव्हतं म्हणे.

रात्री जेवताना आबांनी विचारलं, हे बळ कुठून आणलंस? मी तुमची गोष्ट सांगितली. माग, गल्ली, लग्न, सगळं. माझ्या गोष्टीपेक्षा ती त्यांनी जास्त लक्ष देऊन ऐकली. मग म्हणाले, ‘त्या माणसाला इथे आण. नाताळ त्याचा त्याच्या घरी होऊ दे. पुढच्या जानेवारीत, शंकरच्या दिवसाला शाळेत तोच पाहुणा. गाऊ दे त्याला हवं ते.’

मी तुमच्या वतीने हो म्हणून बसलोय. तुमच्या सुराबद्दल त्यांना काही बोललो नाही.

तुमचा,
गोविंद”